कॅन्सरच्या प्रोटीनची ‘शेपटी’ रोखली, तरी औषधं का फसली?

पेशीला वाढीचा हुकूम देणारं ‘रास’ हे प्रोटीन पेशीच्या आवरणाला आतून चिकटलेलं असेल, तरच काम करतं. चिकटण्यासाठी पेशी त्याला १५ कार्बन अणूंची तेलकट शेपटी जोडते. तिचं नाव फार्नेसिल. जनुकात बिघाड झाला की हा हुकूम थांबतच नाही. स्वादुपिंडाच्या सुमारे ९० टक्के कॅन्सरमध्ये ‘के-रास’ या प्रकारात असा बिघाड सापडतो.

मग शेपटीच लागू दिली नाही तर? १९९०च्या दशकात औषध कंपन्यांनी नेमकं हेच करून पाहिलं. उंदरांवर औषधं चालली, स्वादुपिंडाच्या रुग्णांवर मात्र नाही. शेपटी जोडणारं एन्झाइम बंद पडताच दुसऱ्या एन्झाइमने के-रासला २० कार्बनची शेपटी लावून दिली. पेशीकडे पर्यायी रस्ता तयारच होता! सुरुवातीचे बरेच प्रयोग ‘एच-रास’वर झाले होते, आणि त्याला हा रस्ता नाही.

त्याच औषधांपैकी लोनाफार्निबला २०२० मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, पण लहान मुलांना अकाली म्हातारं करणाऱ्या प्रोजेरियासाठी. के-रासवर थेट मारा करणारं पहिलं मंजूर औषध, सोटोरासिब, २०२१ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी आलं. ते फक्त ‘जी१२सी’ या बदलावर चालतं. स्वादुपिंडात तो बदल क्वचितच आढळतो.