बोटभर आग

दिवाळीच्या आधी सावेडीतल्या पाईपलाईन रोडला किंवा गुलमोहर रोडला चक्कर मारली, की सोसायटीच्या कोपऱ्यांत माती, विटा, गोणपाट घेऊन बसलेली पोरं दिसतात. किल्ला उभा राहतो, मोहरी-अळीव उगवतात, मावळे चढतात. मग कुणाला तरी लढाई हवी असते, आणि लढाई म्हटली की आग आलीच. तटावर भुईनळा लागतो. मावळा बोटभर आणि ठिणग्या हातभर उंच. इतका मेहनतीने रचलेला गड क्षणात खेळण्यातला वाटू लागतो.

यात पोरांची चूक नाही. दगड, झाड, माणूस छोटं करता येतं, पण ज्वाळेची चाल तिच्या आकारावर ठरते. बुंध्याशी 1 मीटर रुंद आग सेकंदाला साधारण दीड वेळा उसळते, 9 मीटर रुंद असली तर दोन सेकंदांतून एकदाच. निरांजनाएवढी ज्योत थरथरली, तर सेकंदाला दहाहून जास्त वेळा. वीतभर वाड्याच्या खिडकीत खरी ज्योत लावली, की डोळ्याला तिचा खरा आकार लगेच कळतो. सिनेमात 1:25 प्रतिकृतीची आग पाचपट वेगाने टिपून पडद्यावर संथ करता येते. टेबलावरच्या देखाव्याला ती सोय नाही. म्हणून इथे खरी आग बाजूलाच ठेवावी लागते.

तिच्या जागी येतात पिवळे, नारिंगी आणि लाल एलईडी. पेन्सिल सेलच्या जोडीवर, प्रत्येकाला 100 ओहमचा रेझिस्टर लावून ते चालतात. बरेच जण बाजारातली विजेची पणती फोडून तिचं सर्किट वापरतात. ते मात्र ज्योतीसारखं भराभर लुकलुकतं. जळत्या वाड्याला प्रकाश हळूहळू चढता-उतरता हवा, आणि तिन्ही रंगांची लय वेगवेगळी. रंगांचा क्रमही हमखास उलटा होतो: लाल बुडाशी आणि पिवळा टोकाला. खऱ्या आगीचा गाभा पिवळा, जवळजवळ पांढरा असतो. वर जाताना ती नारिंगी, मग लाल होते आणि काळ्या धुरात विरते.

धुरासाठी उशीतला फायबर उत्तम. तो बोटांनी विंचरून इतका विरळ करायचा, की पलीकडची भिंत दिसावी. मग तांब्याच्या तारेवर चढवायचा, बुडाला नारिंगी आणि वर काळ्या रंगाचा हलका फवारा द्यायचा. रंग जास्त झाला तर तंतू चिकटतात आणि धुराचं जळमट होतं. वाऱ्याकडेही लक्ष हवं. बुरुजावरचा भगवा एकीकडे आणि धूर दुसरीकडे, असे देखावे मी पुष्कळ पाहिलेत.

माझ्या मते ज्वाळेहूनही मोलाचं असतं जळालेलं. नगरच्या रणगाडा संग्रहालयात 1965च्या युद्धातला पॅटन आहे. त्याची 1:35 प्रतिकृती पेटलेली दाखवायची, तर साडेतीन मीटरची ज्वाळा 10 सेंटीमीटरची होते. पण नजर खिळते ती रंग उडालेल्या पत्र्यावर, चाकांच्या जळून गेलेल्या रबरावर, करड्या राखेवर. काजळी, कोळशाची भुकटी आणि खडूची पूड कोरड्या ब्रशने लावली, की हे सगळं साधतं. खिडकीवरची काजळी मात्र वरच्या बाजूला पसरत गेलेली हवी.

आपल्या भुईकोट किल्ल्याचा प्रसंग तर या कलेची कसोटीच आहे. 1595-96च्या वेढ्यात मुघलांच्या सुरुंगाने तट फुटला आणि चांदबिबीने रातोरात खिंडार बुजवून घेतलं. हा देखावा करणारे खिंडारात ज्वाळांचा डोंब दाखवतात. काळी दारू क्षणात जळून जाते. मागे राहतो पांढुरका धूर, चुन्याची धूळ, कोसळलेले दगड. दगडी तट स्वतः पेटत नाही. इथे भरपूर राखाडी धूळ घालावी आणि उजेड फक्त मशालींना द्यावा. 1 मिलिमीटर लांबीचा चिप एलईडी केसाएवढ्या तारेला जोडला, की माणसाच्या मुठीतली मशाल होते. मशालीची ज्योत पंजाएवढीच रुंद, सेकंदाला चार-पाच वेळा हलणारी. वाड्याला न चाललेलं पणतीचं सर्किट थोडं संथ करून इथे अगदी चपखल बसतं.