‘महिन्यापूर्वी काय करत होते?’

पिंपळगाव बसवंतहून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक तीसेक किलोमीटर. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रात्री धाप लागली की १०८ला फोन जातो आणि गाडी नाशिककडे निघते. आयसीयूच्या दाराशी पोचेपर्यंत कुणीतरी म्हणतंच, ‘आता या वयात व्हेंटिलेटर?’

वय हा इथे अर्धवट पुरावा. टोमॅटोचे क्रेट स्वतः मोजून घेणारे ऐंशीचे आजोबा न्यूमोनियातून सावरू शकतात. सहा महिने खाटेवर असलेल्या अडुसष्ट वर्षांच्या माणसाला तोच न्यूमोनिया झेपत नाही. कॅनडातल्या केनेथ रॉकवूड यांनी सहकाऱ्यांसह २००५ मध्ये या अशक्तपणाची मोजपट्टी मांडली. आज तिच्या नऊ पायऱ्या आहेत. ऐंशी ओलांडलेल्या पाच हजारांहून अधिक युरोपीय रुग्णांच्या अभ्यासात (२०१७) महिनाभरातल्या मृत्यूचा अंदाज या अशक्तपणावरून बांधता आला.

अतिदक्षता विभागाची सुरुवातच मुळात वेगळ्या रुग्णांसाठी झाली. १९५२ च्या कोपनहेगनमध्ये पोलिओ झालेल्या मुलांना वैद्यकीय विद्यार्थी हाताने पिशवी दाबून श्वास देत राहिले. स्नायूंत जोर येईपर्यंत वेळ काढायचा, एवढंच. म्हातारपणी मात्र आजार ओसरला तरी आठवडाभर पडून राहिल्याने पायांतलं बळ जातं, आणि ‘वाचले’ म्हणून घरी आलेल्या माणसाला न्हाणीपर्यंतही चालवत नाही.

शिवाय भ्रम. रात्री नळ्या उपसणारे बाबा वेडे झालेले नसतात. जंतुसंसर्ग, झोपेची औषधं, दिवस-रात्र न कळणारे दिवे यांनी मेंदू गोंधळतो. चष्मा, कानाचं यंत्र आणि ओळखीचा आवाज यांचा इथे खरा उपयोग होतो. भेटीची वेळ दहा मिनिटांची ठेवणारी रुग्णालयं हे कसं विसरतात, कोण जाणे.

अशक्तपणाची पायरी ठरते ती आजाराआधीच्या जगण्यावरून. ते महिन्यापूर्वीचं जगणं ठाऊक असतं बहुधा रोज चहा देणाऱ्या सुनेला. डॉक्टर बोलतात पुण्याहून आलेल्या मुलाशी.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी व्हेंटिलेटरसारख्या उपचारांबाबतच्या आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी गोव्यात आपलं इच्छापत्र नोंदवलं. अशा इच्छापत्रात आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एकाहून अधिक जवळच्यांची नावं देता येतात. मुलाच्या जोडीला सुनेचंही.