सिमानिम

सिमानिम : ज्यू नववर्षाच्या (रोश हशाना) सायंभोजनात शुभचिन्हे म्हणून सेवन केले जाणारे पदार्थ. हिब्रू भाषेतील ‘सिमान’ (चिन्ह) या शब्दाचे हे अनेकवचन होय. हिब्रू पंचांगातील तिश्री महिन्याच्या पहिल्या दोन दिवशी (सप्टेंबर–ऑक्टोबर) हा सण येतो. या वेळी ईश्वर मनुष्याच्या कर्मांचा न्याय करतो, अशी श्रद्धा असल्याने भोजनालाही प्रार्थनेचे स्वरूप येते.

या प्रथेचा आधार बॅबिलोनियन तालमुदातील अब्बये (चौथ्या शतकाचा पूर्वार्ध) याच्या वचनात आढळतो. चिन्हाला महत्त्व असल्याने वर्षारंभी भोपळा, रुबिया, लीक (कांद्याच्या कुळातील भाजी), बीटचा पाला व खजूर यांची योजना करावी, असे त्याने सांगितले. हे पदार्थ एका पाठानुसार पाहावयाचे, तर दुसऱ्यानुसार खावयाचे आहेत. त्यांच्या ॲरेमाइक नावांवरील श्लेष पुढे प्रार्थनांत रूढ झाले. ‘करा’ (भोपळा) यावरून प्रतिकूल निर्णय फाडला जावा व पुण्यकर्मे वाचली जावीत, ‘रुबिया’वरून पुण्य वाढावे, ‘कार्ती’वरून (लीक) शत्रूंचा उच्छेद व्हावा आणि ‘सिल्का’वरून (बीटचा पाला) ते दूर व्हावेत, अशी याचना केली जाते. मेइरी (१२४९–सु. १३१५) या भाष्यकाराच्या मते, ही प्रथा शकुनविद्येकडे झुकू नये म्हणूनच तीस प्रार्थनेची जोड देण्यात आली.

पाककृती प्रदेशपरत्वे भिन्न आहेत. तुर्कस्तान व बाल्कन प्रदेशांतील सेफार्डी ज्यू लीक उकडून, पिळून, बटाटा किंवा खिमा व अंडे यांत मिसळून त्याच्या वड्या तळतात. सालोनिकातील सेफार्डी परंपरेत तांबड्या भोपळ्याचे सारण पातळ पोळीत भरून ती गुंडाळीच्या आकारात भाजतात. बीटचा पाला शिजवून तेलात परततात किंवा अंड्यांत घालतात. ज्यू आहारनियमांनुसार मांस व दुग्धपदार्थ एकत्र चालत नसल्याने, सामिष भोजनासोबतच्या या भाज्या लोण्याऐवजी तेलात करतात.

चिन्हाचे मर्म वनस्पतीत नसून तिच्या नावात असल्याने भाषेबरोबर भाजीही बदलली. राशी (१०४०–११०५) याने ‘रुबिया’ म्हणजे मेथी असा अर्थ केला. सिरिया व ईजिप्त येथील ज्यूंनी मात्र अरबी ‘लुबिया’शी असलेल्या साम्यामुळे चवळी स्वीकारली व ती मांसाबरोबर शिजवली. पूर्व यूरोपातील यिडिश भाषेत ‘मेरन’ या शब्दाचे गाजरे व वाढणे असे दोन्ही अर्थ होत असल्याने, तेथे गाजराच्या चकत्या मध घालून मंदाग्नीवर शिजवण्याची (त्सिमेस) प्रथा पडली. या चकत्या सोन्याच्या नाण्यांप्रमाणे दिसतात, हेही शुभ मानले जाते.

महाराष्ट्रातील बेने इस्राएल समाजात या सणाला ‘नव्याचा सण’ म्हणत. त्यानिमित्त गव्हाचा चीक, नारळाचे दूध व साखर यांचा हलवा करण्याची रीत त्यांच्यात आहे.