वायर जोडलेली, वाट मात्र बंद

ठाण्याहून तुर्भे, नेरूळमार्गे पनवेल, तिथून दिवा आणि दिव्याहून पुन्हा ठाणे. लोकलच्या नकाशावरचं हे वर्तुळ आपल्या ओळखीचं आहे. आता कल्पना करा, या वर्तुळात एक गाडी सोडली, तिला शेवटचं स्टेशनच नाही आणि प्रत्येक जंक्शनवर तिच्या दोन गाड्या होतात. तासाभरात सगळं ठप्प! ऑफिसातल्या संगणकांच्या जाळ्यात हेच काही सेकंदांत घडतं.

कारण अगदी साधं असतं. डोंबिवलीतल्या एखाद्या क्लासमध्ये झाडलोट करताना केबलचं मोकळं टोक दिसतं. कुणीतरी भल्या मनानं ते त्याच स्विचमध्ये खोचतं. झालं वर्तुळ! संगणक अधूनमधून ‘हा पत्ता कुणाचा?’ अशी हाक सगळ्यांना घालतो. स्विच ती हाक, जिथून आली ती वाट सोडून, बाकी सगळ्या वाटांनी पुढे धाडतो. ती फिरून परत आली की नवी समजून पुन्हा धाडतो. इंटरनेटच्या पाकिटावर किती टप्प्यांनंतर संपायचं ते लिहिलेलं असतं, इथरनेटच्या निरोपावर तशी मुदतच नसते.

मग जादा वायर टाकूच नये? तसंही चालत नाही. एकुलती एक वायर उंदरानं कुरतडली तर रुग्णालयाचं काम अडतं. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ‘डिजिटल इक्विपमेंट’ कंपनीत रेडिया पर्लमन यांनी यावर तोड काढली, ‘स्पॅनिंग ट्री’. स्विच आपसांत निरोप पाठवून एक म्होरक्या निवडतात. त्याच्यापर्यंतची सर्वांत सोयीची वाट प्रत्येक जण उघडी ठेवतो आणि वर्तुळ करणाऱ्या वाटा मिटतो. वायर जागेवरच राहते. मुख्य वाट तुटली की मिटलेली उघडते. मूळ पद्धतीत याला ३० ते ५० सेकंद लागत, नव्या पद्धतीत सहसा काही सेकंदही लागत नाहीत. गंमत म्हणजे कुणी लक्ष घातलं नाही, तर म्होरकेपण पुष्कळदा सर्वांत जुन्या स्विचकडे जातं!

जाळं बेसुमार वाढलं तर ही युक्तीही कोलमडते. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस रुग्णालयात हेच झालं. दोन टोकांमध्ये सातपेक्षा जास्त स्विच नसावेत हा संकेत तिथे मोडला गेला होता. सुमारे चार दिवस डॉक्टर आणि परिचारिकांनी कागदावर काम केलं.

आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यांत, सोसायट्यांत बसवलेल्या स्वस्त स्विचमध्ये बहुधा ही सोय नसते. घेताना विचारून घ्यावं. आणि स्विचवरचे सगळे दिवे एकदमच वेड्यासारखे लुकलुकू लागले, तर कंपनीला फोन लावण्याआधी शेवटी खोचलेली केबल काढून बघावी.