आग लागली नव्हती, तरीही

तोक्योतल्या निशी-कासाईत मी दुभाष्याचं काम करते. आपली माणसं विचारतात, "ताई, चिठ्ठीत मारीन-बिरीन असं काहीच लिहिलेलं नाही. पोलीस याला धमकी मानतील का?" मी त्यांना एका जुन्या पोस्टकार्डाबद्दल सांगते.

गावाच्या विलीनीकरणावरून दोन गटांत वैर पेटलं होतं. एका गटाच्या म्होरक्यांकडे कार्डं आली: तुमच्याकडे आग लागली, वाईट झालं, विस्तवाला जपा. आग कुठेच लागली नव्हती. मजकूर सगळा काळजीचा. तरीही १९६० साली जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ही धमकीच ठरवली. एवढ्या वैरात असं कार्ड हाती पडलं, तर आता आपलं घर जाळतील अशी भीती कोणालाही वाटेल, हे न्यायालयाने मानलं.

जपानच्या दंड संहितेच्या कलम २२२ ची कसोटी हीच. माणूस खरोखर घाबरला, हे सिद्ध करावं लागत नाही. धीट माणसाला धमकावलं म्हणून आरोपी सुटत नाही, आणि एखादा उगाच धास्तावला म्हणून गुन्हा होत नाही. त्या परिस्थितीत सर्वसाधारण माणूस घाबरला असता का, हे पाहतात. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये घाबरवण्याच्या हेतूला जास्त महत्त्व आहे. जपानच्या कलम २२२ मध्ये शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड.

पण या कलमाला ठरावीक माणूस लागतो: धमकी त्याच्या स्वतःच्या किंवा नातलगांच्या जीव, शरीर, स्वातंत्र्य, अब्रू, मालमत्तेला हवी. म्हणून चिठ्ठीत तुमचं नाव किंवा घराचा उल्लेख असेल, तर पोलिसांना तो आधी दाखवावा.

जानेवारी २०२० मध्ये कावासाकीच्या साकुरामोतो भागातल्या फुरेआइकान या सामुदायिक केंद्रात नववर्षाचं कार्ड आलं. कोरियन वंशाच्या लोकांना संपवून टाकण्याची भाषा होती. पुढे केंद्र उडवून देण्याची धमकीही आली. डिसेंबरात आरोपीला एक वर्षाची कैद झाली, पण ती कामकाजात बळजबरीने अडथळा आणल्याबद्दल. 'सगळे कोरियन' म्हटलं की कायद्याच्या लेखी धमकी कोणा एकाला उरत नाही. केंद्राचं बिघडलेलं काम गुन्ह्यात बसलं. तिथे येणाऱ्या मुलांची आणि वृद्ध बायांची भीती त्याच्या व्याख्येतच नव्हती.

हे मला मुळीच पटत नाही. १९२३ च्या भूकंपानंतर विहिरींत विष घातल्याच्या अफवांवरून तोक्यो-कावासाकीच्या याच कांतो भागात कोरियन लोकांची कत्तल झाली. २०२१ मध्ये क्योतोजवळच्या उतोरो वस्तीत द्वेषापोटी आग लावली गेली. साठहून अधिक वर्षांपूर्वी न्यायालयाने गावातलं वैर ध्यानात घेऊन कार्ड वाचलं. मग कोरियन आजीच्या हातातलं कार्ड या इतिहासासकट का वाचू नये?

दुसऱ्या जपानी कायद्यांचाही इथे आधार नाही. द्वेषपूर्ण भाषणांविरुद्धच्या २०१६ च्या कायद्यात शिक्षाच नाही. पाठलागविरोधी कायदा प्रेमभावनेतून किंवा ती विफल झाल्याच्या रागातून होणाऱ्या छळापुरता. कावासाकीने २०१९ मध्ये पाच लाख येनपर्यंत दंडाचा नियम केला, तोही सार्वजनिक जागेतल्या द्वेषासाठी, आणि आधी ताकीद, मग आदेश, तरीही ऐकलं नाही तर. टपालाने घरात आलेलं कार्ड त्यात येत नाही. कलम २२२ मध्ये 'नातलग' आहेत, तिथे वंशाचं नाव घेऊन दिलेली धमकीही यायला हवी.