कोरी राहिलेली ओळ

वीस वर्षे मी महाविद्यालयात आख्यानकाव्य शिकवीत आहे. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, कामदा, सारे विद्यार्थी पेंगेपर्यंत! पण बेने इस्राएलांच्या मराठी कीर्तनाचा उल्लेख माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता. तो धडा मला मिळाला पेणला, पोह्यांच्या दुकानात.

पातळ चणीच्या एक आजीबाई दुकानदाराशी अस्सल आगळ्या कोकणी ठसक्यात भाव करीत होत्या. "मलिद्याला न्यायचेत रे, जुने नको देऊस!" सहज चौकशी केली. माहेर अष्टमी, सासर पेण, मुक्काम मात्र इस्राएलात लोद गावी. मी मराठीचा मास्तर म्हटल्यावर त्यांनी आमंत्रणच दिले. "मग रात्री या. आमच्या घरची मंडळी गाणार आहेत."

रोह्यासमोर, कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमी आहे. तिथले ते अष्टमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर. या समाजाची गावे अशी आडनावांत राहिली आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकण त्यांना 'शनवार तेली' म्हणे. पेणचे त्यांचे प्रार्थनामंदिर १८६३ सालचे. १८८० च्या सुमारास या मंडळींनी हरिदासी कीर्तनाचा साज उचलला आणि त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे गाइली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांच्या आरंभीच्या कीर्तनकारांपैकी. इकडे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले तेही १८८० सालीच. नाटकातल्या चाली पुढे या कीर्तनांतही शिरल्या. अ‍ॅना शुल्ट्झ या अमेरिकन विदुषीने या गीतांचा अभ्यास केला आहे. आम्ही मराठीचे अध्यापक मात्र शेजारी राहून बहिरे!

शब्बाथ संपल्यावर रात्री गेलो. ताटात गूळखोबऱ्याचे पोहे, फळे. एलियाहू हन्नाबीचे स्मरण झाले. मग मुलाने पेटी ओढली, सुनेने झांजा घेतल्या, आणि आजींनी योसेफाला भाऊ विकतात त्या प्रसंगाची साकी धरली. आवाज थकलेला, पण 'भाऊ' या शब्दावर अशी काही थांबल्या की मी पेला खाली ठेवला.

नात मागून म्हणत होती. तिच्या तोंडी 'ळ' येत नव्हता. तिच्यापुढे वही होती. डावीकडे आजींचे देवनागरी, उजवीकडे तीच मराठी हिब्रू अक्षरांत, उलट्या दिशेने चाललेली.

एके ठिकाणी वहीला कसर लागली होती. आजी अडल्या. "मास्तर, एवढी ओळ लावा बघू."

मी मात्रा मोजल्या, यमक पाहिले आणि ऐटीत ओळ पुरी करून दिली. आजींनी ती एकदा गुणगुणून पाहिली आणि मान हलवली.

"बसते हो. पण सासूबाई असं म्हणत नव्हत्या."

नातीने तेवढी जागा कोरी सोडली. पेटीवर ती ओळ नुसती वाजली, आणि आजींनी पुढचे कडवे घेतले.