जुळत नाही, तिथेच रेणू बोलतो

येत्या २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, कॉलेजांत रामन यांच्या तसबिरीला हार पडतील, १९२८चा शोध आणि १९३०चं नोबेल यांवर भाषणं होतील. व्हायलाच हवीत. पण त्या शोधाचं आज प्रयोगशाळेत काय होतं, यावर फारसं कुणी बोलत नाही.

रेणूतले अणू सतत थरथरत असतात. रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशाच्या रंगात या थरथरीची खूण उमटते, हाच रामन यांचा शोध; वर्णपटात ती खूण रेषा म्हणून दिसते. अणू किती जड आणि बंध किती ताठ, यावर थरथरीचा वेग ठरतो. पाण्याच्या रेणूला अशी तीनच कंपनं. वाफेत ती १५९५, ३६५७ आणि ३७५६ प्रति सेंटीमीटरला दिसतात. तीस अणूंच्या औषधी रेणूला मात्र ८४! त्या गर्दीत कोणती रेषा कोणत्या बंधाची, हे नुसत्या नजरेनं कळत नाही. तिथे पुंजरसायन लागतं. संगणकावर रेणूची सर्वांत कमी ऊर्जेची रचना शोधायची आणि तिची कंपनं काढायची. अशा गणिती पद्धती उभारल्याबद्दलच वॉल्टर कोह्न आणि जॉन पोपल यांना १९९८चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

गणिताचे आकडे बहुधा प्रयोगापेक्षा जास्त येतात. बंध कितीही ताणला तरी तेवढाच ताठ राहतो, असं त्यात धरलेलं असतं. खरा बंध ताणला की सैलावतो. म्हणून एका प्रचलित पद्धतीत उत्तराला ०.९६१४नं गुणतात. इथवर ठीक. पण गुणाकार करायचा, दोन रकाने शेजारी मांडायचे आणि ‘उत्तम जुळणी’ लिहून मोकळं व्हायचं, असे शोधनिबंध ढिगानं निघतात, याची खंत वाटते.

बेंझॉइक आम्ल घ्या. एकट्या रेणूच्या हिशेबात ओ–एच बंधाची रेषा ३५००च्या वर येते. स्फटिकाच्या अवरक्त वर्णपटात तिथे ती नसतेच. बरीच खाली, २५०० ते ३३००च्या दरम्यान पसरट पट्टा दिसतो. कारण स्फटिकात हे रेणू दोन हायड्रोजन बंधांनी जोडीनं बांधलेले असतात. हिशेबात जोडी घेतली की रेषाही खाली सरकते. रचना कळली ती न जुळलेल्या आकड्यामुळे.

रेणू मोठा झाला की संगणकही थकतो. त्यावर एक वाट पुण्यात निघाली. पुणे विद्यापीठात प्रा. श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ‘मॉलिक्युलर टेलरिंग’ पद्धत मांडली. शिंप्यासारखे रेणूचे तुकडे बेतायचे, पण एकमेकांवर येतील असे. प्रत्येकाचा हिशेब वेगळा करायचा, दोनदा मोजला गेलेला भाग वजा करायचा आणि उत्तर पुन्हा सांधायचं. पुढे कंपनांचे आकडेही या रीतीनं काढले गेले, तेही साध्या संगणकांच्या जोडणीवर. महासंगणक हाताशी नाही म्हणून न थांबता केलेलं हे काम विज्ञान दिनाच्या भाषणांत यायला हवं.

प्राध्यापकांना विनंती आहे : हिशेबाच्या प्रणाली आता मोफत मिळतात. बीएस्सीच्या मुलांना बेंझॉइक आम्लाचा वर्णपट द्या, हिशेब करायला लावा आणि जिथे जुळत नाही तिथे ‘का?’ विचारा. गुण त्या उत्तराला द्या.